देवमासा शंभर वर्षांनी परत आला? अहो, तो गेला कधी होता!

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

२०१५ साल आठवतंय? त्या एका वर्षात आपल्या कोकणातून देवमाशाच्या दोन मोठ्या बातम्या आल्या. उन्हाळ्यात सिंधुदुर्गात, कुणकेश्वरच्या समोरच्या समुद्रात अभ्यासकांना ब्लू व्हेल, म्हणजे निळा देवमासा, पिल्लासह पोहताना दिसला. पेपरांनी मथळे दिले की शंभर वर्षांनी निळा देवमासा महाराष्ट्राच्या समुद्रात! त्यानंतर जूनमध्ये, ऐन पावसात, आमच्या रायगडात रेवदंड्याच्या किनाऱ्याला चाळीसेक फुटांचा देवमासा जिवंत लागला. गावकऱ्यांनी आणि वनखात्याच्या माणसांनी त्याला पाण्यात ढकलायची खटपट केली. एवढं धूड माणसांच्या हातांनी हलतंय थोडंच? तो मेला आणि त्याला पुरावं लागलं.

माझ्या डोक्यात तेव्हापासून तो "शंभर वर्षांनी" हा शब्द अडकून बसलाय. शंभर वर्षं देवमासा नव्हता, की शंभर वर्षं कोणी लिहून ठेवलं नव्हतं? या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. आणि आज किनाऱ्यावर जे काही बांधलं जातंय, भरलं जातंय, खोदलं जातंय, त्यात हा फरक फार महाग पडू शकतो. कसा, ते शेवटी सांगतो. आधी इतिहास.

भीतीची नोंद

आपल्या अरबी समुद्रातल्या देवमाशांची सगळ्यात जुनी आणि तपशीलवार हकिकत ग्रीकांची आहे. इ.स.पू. ३२५. सिकंदर सिंधूच्या मुखापासून परत फिरला, स्वतः जमिनीवरून गेला आणि आरमार नेआर्कसच्या हवाली केलं. हे आरमार मकरानच्या (आजच्या पाकिस्तान-इराणच्या) किनाऱ्याने चाललं असताना एका पहाटे समुद्रातून पाण्याचे फवारे उडताना दिसले. वाटाड्यांनी सांगितलं, हे मोठे मासे श्वास सोडतायत. खलाशांच्या हातातली वल्ही गळून पडली. नेआर्कसने लढाईला लावतात तशी जहाजं एका रांगेत लावली, शिंगं फुंकली, सगळ्यांना ओरडायला लावलं आणि सरळ त्यांच्या अंगावर जहाजं घातली. देवमासे बुडी मारून खाली गेले आणि मागच्या बाजूला वर आले. एरियन नावाच्या लेखकाने ही हकिकत पुढे लिहून ठेवली. त्याच लेखनात आणखी एक गोष्ट आहे. त्या किनाऱ्यावरचे मासेखाऊ लोक वाहून आलेल्या देवमाशांच्या हाडांची घरं बांधायचे, मोठी हाडं तुळयांना आणि दारांना वापरायचे.

आता हे बघा. हाडांची घरं एक-दोन देवमाशांत होत नाहीत. म्हणजे तिथे देवमासे नित्याचे होते. भीती वाटली ती परक्या खलाशांना. किनाऱ्यावरच्या माणसाला तो शेजारी होता, फक्त त्याच्याकडे लिहिणारा नव्हता.

आपल्याकडे काय? रामायण-महाभारतात तिमी आणि तिमिंगिल येतात. तिमी म्हणजे प्रचंड मासा आणि तिमिंगिल म्हणजे तिमीलाही गिळणारा. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर, इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या शिल्पात, एक राक्षसी मासा माणसांसकट होडी गिळताना कोरलाय. तो दगड आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. भरहुतपासून समुद्र शेकडो मैल दूर. कारागिराने देवमासा बघितला असेल असं मला वाटत नाही, पण बंदरावरून परतणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गोष्टी त्याच्यापर्यंत पोचल्या होत्या, एवढं नक्की.

आता आमच्या अंगणात येऊ. इ.स. ९१६ च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आपलं चौल, रेवदंड्याला खेटून असलेलं. त्याच्या ग्रंथात या समुद्रातल्या अजस्र माशांची वर्णनं आहेत. त्याच्याही आधी, इ.स. ८५१ च्या अरबी वृत्तांतात लिहिलंय की खलाशी रात्री घंटेसारखा आवाज करत राहायचे, का तर देवमासा जहाजाला धडकू नये. मापं अर्थातच फुगवलेली आहेत. पण अर्थ सरळ आहे. चौलला ये-जा करणाऱ्या गलबतांना देवमासा हा वाटेतला रोजचा धोका होता. त्याच रेवदंड्यात हजार-अकराशे वर्षांनी देवमासा लागतो आणि आपण म्हणतो, "हा इकडे कसा काय आला?"

मालाची नोंद

भीतीनंतर दुसरी नोंद मालाची. अंबर, ज्याला आता पेपरात "व्हेलची उलटी" म्हणतात. खरं तर हा पदार्थ स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो. अरब व्यापारात सुगंधासाठी आणि औषधासाठी त्याला मोठी किंमत होती. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये तिथेच छापलेल्या औषधी द्रव्यांवरच्या ग्रंथात अंबरावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय. (हा तोच ओर्ता, ज्याच्याकडे एकेकाळी मुंबई बेट भाडेपट्ट्याने होतं.) गंमत म्हणजे अंबर देवमाशापासून येतं हे त्याला पटलं नव्हतं. माल बाजारात होता, प्राणी डोळ्यांसमोर नव्हता.

आजही तेच चालू आहे. मुंबई-ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत "कोट्यवधींची व्हेलची उलटी जप्त" ही बातमी येतच असते. आपल्याकडे अंबर बाळगणं, विकणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. किनाऱ्यावर मेणासारखा गोळा सापडला तर गिऱ्हाईक शोधू नका, वनखात्याला कळवा. पोरं फुकट आत जातात.

मग साहेबांचं राज्य आलं, शास्त्र आलं, पण प्राणी आला तो कवटीच्या रूपात. १८२९ मध्ये पॅरिसमध्ये क्युव्हिए या शास्त्रज्ञाने आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दोन प्राण्यांना शास्त्रीय नावं दिली. एक, पाठीवर उंचवटा असलेला हंपबॅक डॉल्फिन. त्याच्या नावातच शिशाचा रंग आहे. दुसरा, पाठीवर पर नसलेला पोरपॉइज. डॉल्फिनचा नमुना द्युसुमिए नावाच्या फ्रेंच व्यापारी प्रवाशाने मलबार किनाऱ्यावरून नेला होता. पोरपॉइजची कवटीही त्याचीच, पण ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकाची म्हणून नोंदली गेली, जिथे हा प्राणी राहतच नाही! हे दोन्ही प्राणी आपल्या किनाऱ्यापासून अगदी जवळ, उथळ पाण्यात राहतात. आमच्याकडे डॉल्फिनला "गादा" म्हणतात. गादे दिसले की बांगडा-तारली जवळ आहे, हे कोळीवाड्यातल्या पोरालाही कळतं. आणि तेच गादे जाळ्यातला मासा ओढून जाळं फाडतात, म्हणून तांडेल त्यांना शिव्याही घालतो. ही माहिती कुठल्या पुस्तकात गेली? जवळपास कुठेच नाही.

जी नोंद लपवली गेली

आता जे सांगतोय ते मला स्वतःला वाचून सुन्न करून गेलं होतं.

१९६३ ते १९६६ या काळात सोव्हिएत रशियाच्या देवमासे मारणाऱ्या दोन फॅक्टरी जहाजांचे ताफे, स्लावा आणि सोवेत्स्काया उक्राइना, अरबी समुद्रात आणि लगतच्या पाण्यात शिकार करत होते. आंतरराष्ट्रीय करार धाब्यावर बसवून ही शिकार चालली आणि खोटे आकडे कळवले गेले. खरे आकडे बाहेर आले ते सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९० च्या दशकात, त्या ताफ्यावर काम केलेल्या मिखालेव या शास्त्रज्ञाने ते छापले तेव्हा. एकूण ३,३३९ देवमासे. त्यात १,२९४ निळे, ९५४ स्पर्म व्हेल, ८४९ ब्रायडीज आणि २४२ हंपबॅक.

यातल्या २४२ या आकड्यावर जरा थांबा. जगातले बाकीचे हंपबॅक देवमासे दरवर्षी थंड समुद्रातून उष्ण समुद्रात हजारो मैल ये-जा करतात. अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र इथून दुसऱ्या थंड समुद्रात जात नाहीत. कारण आपला पाऊस! नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमान-अरबस्तानच्या किनाऱ्याला खोलातलं थंड, सकस पाणी वर येतं, मासळी मुबलक होते, मग जायचं कशाला? जनुकीय अभ्यास सांगतो की हा कळप सुमारे ७०,००० वर्षं बाकीच्या हंपबॅकपासून वेगळा आहे. ओमानच्या समुद्रात केलेल्या अभ्यासात त्यांची संख्या फक्त ८२ च्या आसपास निघाली. ज्या कळपातले आज शंभरच्या आत मोजले जातात, त्यातले २४२ त्या ताफ्यांनी मारले. त्यातले बहुतेक एकट्या नोव्हेंबर १९६६ मध्ये, म्हणजे महिनाभरात.

मुंबईत तेव्हा पेपर निघत होते, विद्यापीठ होतं, बंदर होतं. आपल्याच समुद्रात हे घडलं आणि आपल्याला पत्ता लागला तीस वर्षांनी. कारण किती होते हे आपण कधी मोजलंच नव्हतं. जे मोजलेलं नाही ते कमी झालेलं कळत नाही.

आणि हा कळप "ओमानचा" म्हणून सोडून देऊ नका. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या किनाऱ्यावर एका मादीला उपग्रहाने माग काढणारं यंत्र लावलं. तिचं नाव लुबान. ती पठ्ठी अख्खा अरबी समुद्र ओलांडून डिसेंबरमध्ये गोव्याच्या समोर आली, तिथून खाली मन्नारच्या आखाताकडे गेली आणि परत ओमानला पोचली. चौल-मस्कत हा गलबतांचा जुना रस्ता आपल्याला माहीत होता. देवमाशांचाही आहे, हे पहिल्यांदा कागदावर आलं.

मढ्यांची नोंद

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडची नोंद बहुतेक मढ्यांचीच आहे. रत्नागिरीत झाडगावच्या मत्स्यालयात गेलात तर देवमाशाचा सुमारे ५५ फुटांचा सांगाडा आहे. शाळेच्या सहलीला आपण सगळ्यांनी बघितलाय. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या चौपाटीवर मेलेला ब्रायडीज व्हेल आला, मुंबई बघायला लोटली. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं. दोन दिवस माणसं झटली, बोटीने त्याला खोल पाण्यात नेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर ते मेलेलं सापडलं. आईविना पडलेलं दूधपितं पिल्लू जगणं फार कठीण, हे कटू असलं तरी खरं आहे.

पावसाळ्यात ही कलेवरं जास्त दिसतात, कारण नैर्ऋत्येचा वारा बाहेरचं सगळं किनाऱ्याकडे ढकलतो. आणि नेमकी तेव्हा मासेमारी बंद असते, होड्या शाकारून वर काढलेल्या असतात. म्हणजे जिवंत प्राणी बघणारे डोळे घरात आणि मेलेला प्राणी बघणारे डोळे चौपाटीवर. असल्या नोंदीतून समुद्राचं चित्र कसं उभं राहणार?

मार्च २०२० आठवा. लॉकडाऊन लागला आणि मुंबईच्या किनाऱ्यावर डॉल्फिन उड्या मारतानाचे व्हिडिओ फिरले. "निसर्ग परतला!" म्हणून आपण सगळे गहिवरलो. अभ्यासक तेव्हाही सांगत होते की बाबांनो, हंपबॅक डॉल्फिन मुंबईच्या पाण्यात कायमच असतात. फरक एवढाच पडला की गॅलरीत उभं राहून समुद्राकडे बघायला माणसाला वेळ मिळाला.

मग अडचण काय?

अडचण अशी की कागदावर "नोंद नाही" असं लिहिलं की वाचणारा "प्राणी नाही" असं वाचतो. किनाऱ्यावर आज काय काय चाललंय बघा. डहाणूजवळ वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं, ७६,२२० कोटींचा प्रकल्प. त्याशिवाय जेट्ट्या, भराव, गाळ उपसणं, जहाजांची वाढती वर्दळ. बंदर हवं की नको यावर आपल्यात वाद असू शकतो, असू दे. पण हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतो, खोल समुद्रात तो बिऱ्हाड हलवू शकत नाही. जगाच्या यादीत तो धोक्यात आलेला प्राणी आहे. वाद घालताना तरी तिथे कोण राहतं हे माहीत असायला नको का? आणि ते सांगणार कोण? रोज तिथे जाळं टाकणारा माणूसच ना?

इथे एक चांगली गोष्ट सांगतो. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात एक योजना आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन, देवमासा, बहिरी (व्हेल शार्क) असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. पैशाचं महत्त्व आहेच, पण माझ्या लेखी त्या फोटोचं जास्त आहे. कुठे, कधी, कोणता प्राणी जिवंत दिसला, हे तांडेलाच्या मोबाइलमधून पहिल्यांदा सरकारी कागदावर गेलं. दोन हजार वर्षं जे तोंडी होतं ते लेखी व्हायला लागलं. पैसे वेळेत मिळाले तर ही वही भरत जाईल. रखडले तर पुढच्या वेळी कोणी फोटोही काढणार नाही आणि जाळंही कापणार नाही. म्हणून आपल्या ग्रामपंचायतीत, मच्छीमार सोसायटीत किती अर्ज गेले, किती मंजूर झाले, हे विचारत राहा.

नोंदीने काय होतं याचं उदाहरण लांब नाही. वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची घरटी मोजायला आणि राखायला सुरुवात केली. आज कासव म्हटलं की वेळास आठवतं आणि गावातल्या घरांना पाहुण्यांमुळे चार पैसे मिळतात. कासवं त्याआधीही येतच होती ना?

आपण काय करायचं?

१) बघायला शिका. समुद्र शांत असतो त्या ऑक्टोबर ते मे या दिवसांत, सकाळी, कड्यावरून किंवा किल्ल्यावरून नजर टाका. पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर, रंग शिशासारखा, तर हंपबॅक डॉल्फिन. पाठ गुळगुळीत, पर नाहीच, क्षणभर दिसून गायब, तर पोरपॉइज. डोक्यावर तीन उभ्या कडा असतील तर ब्रायडीज. आणि दोन-तीन मजली घराएवढा उंच सरळ फवारा दिसला तर समजा, नशीब उघडलं, निळा देवमासा असू शकतो.

२) दिसलं की लिहा. तारीख, वेळ, ठिकाण, किती होते, पिल्लू होतं का. वाईट का होईना, एक फोटो. सागरी सस्तन प्राण्यांच्या नोंदी गोळा करणारे अभ्यासक आपल्या देशात आहेत, वनखात्याचा कांदळवन कक्ष आहे. त्यांना कळवा. नुसतं स्टेटसला ठेवू नका, ते चोवीस तासांनी पुसतं.

३) तारकर्ली, दापोली, गोवा, कुठेही डॉल्फिन बघायला गेलात तर नावाड्याला पैसे देऊन कळपामागे बोट पळवायला लावू नका. इंजिन हळू करून थांबा, ते आपणहून येतात. पाठलाग केला तर पिल्लू आईपासून तुटतं.

४) जिवंत प्राणी किनाऱ्याला लागला तर शेपटी धरून ओढू नका. डोक्यावरच्या नाकपुडीत पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. पोटावर सरळ राहू द्या, ओलं फडकं टाका, सावली करा, गर्दी हटवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोलीस पाटलाकडे मराठीत पोचल्या पाहिजेत, हीसुद्धा आपली मागणी असायला हवी.

५) आणि सगळ्यात सोपं. घरात, शेजारी, कोळीवाड्यात जे म्हातारे तांडेल, नाखवे आहेत त्यांच्याजवळ बसा. कोणत्या महिन्यात गादे कुठे असायचे, मोठा मासा शेवटचा कधी दिसला, पूर्वी जास्त होते की आता, त्यांना काय काय नावं होती, विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. सोव्हिएत ताफ्याच्या काळात जे विशी-पंचविशीत होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. १९६६ च्या आधीचा समुद्र बघितलेले डोळे आता फार उरलेले नाहीत.

तुमच्या गावात या प्राण्यांना काय म्हणतात आणि तुम्ही शेवटचा कधी, कुठे बघितला, ते खाली गावाच्या नावासकट लिहा. मी यादी करायला घेतलीय, पूर्ण झाली की इथेच टाकतो.